मोठ्या मायचा बेलमुरब्बा

बंडी जुंपून झाली तेव्हा यमू मोठ्या बाईंच्या खांद्यावर झोपली होती. अंगात ताप होता, ओठ सुकले होते. तिला घ्यायला मी हात पुढं केले, तशा बाई एक पाऊल मागं सरकल्या.

"राहू दे व गिरजे," त्या म्हणाल्या. "पोट्टी आताच हिवतापातून उठून राह्यली. तिकडं ना घर, ना दार. तुमचं ठिकाण लागलं का मंग ने."

यमू माझी एकुलती एक मुलगी, चार वर्षांची. मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, सगुणाबाई. भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या पोटी मूल नव्हतं. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात एका घरात आम्ही दोघी जावा, हे आणि यमू, एवढीच माणसं. धानाच्या दोन बांध्यांच्या शेतीत ह्यांचं मन कधी रमलं नाही. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे, सातवी शिकलेल्याला काम मिळतं, असं कोणी सांगितलं आणि ह्यांनी निघायचं ठरवलं.

बाईंनी माझ्या हातात बेलमुरब्ब्याची बरणी दिली. "तिकडचं पानी कसं राहीन कोन जाने. रोज सकारी एक फोड खाजो. त्यालेबी देजो."

मूल गावच्या टेसनावर छोटी गाडी पकडली, गोंदियाला मोठीत बसलो. सगळ्या वाटेत मी बरणी मांडीवर धरून होते. आजूबाजूच्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

तो मुरब्बा आमच्या गावात दुसरं कोणी करत नसे. बाई तो माहेरून शिकून आल्या होत्या. चैतात, बेल पुरता पिकायच्या आधी, जंगलातून पाटीभर आणायचा. वरची टणक कवटी फोडून गराच्या गोल फोडी करायच्या, बिया आणि चिकट डिंक काढून टाकायचा. मग फोडी चुन्याच्या निवळीत ठेवायच्या, म्हणजे शिजताना फुटत नाहीत. पाक साखरेचा, एकतारी. आणि पाक खाली उतरला की मरवा. न्हाणीच्या पाण्यावर बाईंनी मरव्याचा मोठा ताटवा वाढवला होता. त्याची ताजी जुडी सुताने बांधून कोमट पाकात बुडवायची आणि काळी पडायच्या आत काढून घ्यायची. वाळला मरवा चालत नसे. लवकर काढली तर वास लागत नाही, उशीर झाला तर पाक कडवट होतो. मी नवी नवरी म्हणून आले त्या पहिल्या चैतात बाईंनी माझा हात धरून ती जुडी माझ्याकडून बुडवून घेतली होती. मला सासू नव्हती. जे शिकले ते त्यांच्याकडून.

भिलाईला आधी टिनाच्या शेडमध्ये राहिलो. एका शेडमध्ये कितीतरी घरं, मधे गोणपाटाचे पडदे. एकीकडं तेलुगू बोलणारे, एकीकडं पंजाबी, पलीकडं बंगाली. उन्हाळ्यात टिन तापायचं, लाल धूळ भातात यायची. ह्यांच्या शिफ्टा बदलत राहायच्या आणि मी भोंग्यावर उठायची सवय लावून घेतली. ड्युटी, पगार, ठेकेदार हे शब्द माझ्या तोंडी बसले. बायांच्या पोटात पाण्यामुळं कळा यायच्या, लेकरं हगवणीनं सुकायची. तेव्हा वाटायचं, यमू तिकडं आहे तेच बरं.

गावात राहिलेल्या तुम्ही बाया मला म्हणता, गिरजा सुटली, नळाचं पाणी पिते. खरं आहे, पुढं नळ आला. पण त्या शेडमध्ये मी रोज कोणत्या वेळी कोणाची आठवण काढत होते ते तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

आमच्या भागातलं कोणी ना कोणी कामाला येत असे. त्यांच्या हाती बाई दर उन्हाळ्यात मुरब्बा पाठवत. मी आधी बरणी उघडत नसे, आधी यमूचं विचारत असे.

"मजेत हाय," सांगणारा सांगायचा. "मरवा आता थेच खुडते. मोठ्या मायच्या मांगमांग फिरते दिवसभर."

मग कोणीतरी सांगितलं, आता ती मोठी माय म्हणत नाही. नुसतं माय म्हणते. मी हसून म्हटलं, लेकरू आहे, बोलायला सोपं पडतं.

तिसऱ्या वर्षी क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, सिमेंटची फरशी, मागं हातभर अंगण. मी एकटीच तिला आणायला गेले. चैत सुरू होता. चुलीवर पाक होता आणि बाई खाली बसल्या होत्या. यमू उंच झाली होती. दारात मला पाहिलं आणि ती बाईंच्या लुगड्यामागं गेली.

"थे तुयी माय हाय," बाई म्हणाल्या. "जाय तिच्यापाशी."

"मायी माय तू हायस," यमू म्हणाली.

बाईंनी कढईतला झारा काढून ठेवला. यमूला पुढं ओढून माझ्यासमोर उभं केलं आणि जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "मी तुयी मोठी माय. तुले जन्म देनारी हे. समजलं?"

यमू रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली, आठवडी बाजारात अनोळखी बाई बघावी तशी.

मी म्हटलं, "बाई, तुमीबी चला. दोन खोल्या हायेत."

"मी आली त वावर कोन पाहीन? आन माहा जीव तिथी लागनार हाय का?" मग म्हणाल्या, "पोट्टीले रातच्याले पाय चेपल्याशिवाय झोप येत नाई. ध्यानात ठेवजो."

आम्ही निघालो तेव्हा बाई बंडीपर्यंत आल्या नाहीत. मरव्याला पाणी घालत होत्या. मी मागं वळून पाहिलं, तर घागर रिकामी झाली होती तरी त्या तशाच वाकलेल्या होत्या.

भिलाईत यमू बोलेना. विचारलं तर मान हलवायची, मला काही म्हणून हाक मारायची नाही. काही हवं असलं की येऊन जवळ उभी राहायची. पाय चेपायला गेले की पाय पोटाशी घ्यायची. जेवण निम्मं टाकायची. हे म्हणायचे, "सवय होईन. लेकराची जात हाय." मीही तेच म्हणत होते.

मग मी ठरवलं, मुरब्बा करायचा. दुर्गच्या बाजारातून बेल आणले. गावाहून मरव्याची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती, ती मागच्या अंगणात लावली होती. त्या मुरमाड जमिनीत ती आधी पिवळी पडली, मग वाळली. शेजारच्या सरदारणीनं माझी धडपड पाहून तिच्या कुंडीतला पुदिना खुडून दिला. "ले बहन, ये डाल दे, अच्छा लगेगा." मी त्याची जुडी बांधली. चुन्याची निवळी, एकतारी पाक, सगळं बाईंनी शिकवलं तसंच केलं. यमू उंबऱ्यात बसून पाहत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती हळूच येऊन माझ्या शेजारी बसली. जुडी काढायची वेळ झाली तेव्हा तिनंच हात पुढं करून ती काढली. बरोब्बर वेळेवर. मला वाटलं, आता आली माझ्याकडं.

मुरल्यावर मी तिला वाटीत फोड दिली. तिनं जिभेवर ठेवली, चघळली आणि परत वाटीत काढून ठेवली.

"हा मायचा नाई," ती म्हणाली.

"मरवा नाई ना इथी, म्हनून," मी म्हटलं. "पुढच्या साली लावू आपन. दोघी मिळून."

"मले मायपाशी नेऊन दे."

एवढं म्हणून ती झोपायला गेली आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तापली. दवाखान्यात डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिची हाडं वर आली. हे कामावरून आले की तिच्याजवळ बसायचे आणि माझ्याकडं पाहायचे नाहीत. पावसाळा संपता संपता मीच म्हटलं, नेऊन घालते. हे नको म्हणाले नाहीत.

गाव दिसायला लागलं तशी यमू बंडीतून उतरून पळत सुटली. आठ दिवसांत ती भाकरीवर भाकरी खाऊ लागली. बाई मला म्हणाल्या, "थोडी मोठी होऊ दे. समजेल तिले." त्या मनापासून म्हणत होत्या. पण त्यांच्या तोंडावर जे सुख होतं ते त्यांना लपवता येत नव्हतं, आणि मला त्यांचा राग करता येत नव्हता. मला पुन्हा मूल झालं नाही.

यमूचं लग्न पोंभुर्ण्याकडच्या मुलाशी ठरलं. आम्ही भिलाईहून लुगडी, भांडी घेऊन गेलो. मांडवात गर्दी होती. भटजींनी हाक दिली, "नवरीची माय कुठी हाय? पुढं या."

मी चटईवरून उठले. त्याच वेळी पलीकडं बाईही उठत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि चटकन खाली बसल्या, पदर तोंडाशी घेतला. मी दोन पावलं पुढं गेले. यमू मान वर करून म्हणाली, "माय, ऊठ ना. काऊन बसली?"

ती माझ्याकडं पाहत नव्हती. मला म्हणाली, "काकू, तुमी बसा."

तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं. मला उभं राहावं लागू नये म्हणून म्हटलं. मी बसले. बाई उठल्या, आणि माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता ह्यांची नोकरी संपत आली. क्वार्टर सोडावं लागेल. हे म्हणतात, गावाकडं जाऊ, आपलंच घर आहे. हो, घर आपलंच आहे. यमू सणावाराला तिथं येते, तिची लेकरं अंगणात खेळतात आणि बाईंना आजी म्हणतात. आम्ही गेलो तर आम्हालाही एक खोली मिळेल, पाहुण्यांना मिळते तशी, नीट झाडून. आणि भिलाईत ज्या दोन खोल्या मी एका लेकरासाठी मांडल्या होत्या, त्या दुसऱ्या कोणाला मिळतील. तुम्ही विचारता, गिरजा, परत कधी येतेस. मी काय सांगू? कुठून कुठं परत यायचं, तेच मला आता ठाऊक नाही.