सुभेदारांचा नंबर आणि भिशीचा डबा

“मंगळवारी दुपारी तुम्ही लेडीज ब्युटी पार्लरमध्ये होता का?” असा फोन आला तेव्हा कुंडलचे एक निवृत्त सुभेदार उसाला पाणी पाजत होते. फोन करणारे साथीच्या कामावर नेमलेले निरीक्षक. पार्लर सांगलीतलं, माझं. दुपारपर्यंत सुभेदार मोटारसायकलवरून माझ्या दारात हजर. मास्कच्या दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर आल्या होत्या.

झालं होतं असं. कोरोनात कित्येक महिने बंद असलेली पार्लरं उघडायला परवानगी मिळाली, पण अट होती. येणाऱ्या प्रत्येकीचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि घेतलेली सर्व्हिस लिहून ठेवायची. उद्या एखादी पॉझिटिव्ह निघाली तर त्या वेळी पार्लरमध्ये असलेल्या बाकीच्यांना कळवता यावं म्हणून. हेतू चांगलाच होता. मी दारापाशी टेबल मांडलं, त्यावर सॅनिटायझर आणि शेजारी रजिस्टर.

आता सॅनिटायझर हातावर वाळेपर्यंत माणूस काय करणार? समोर असेल ते वाचणार. आमच्या बायका वर्तमानपत्र वाचणार नाहीत इतकं मन लावून रजिस्टर वाचायच्या. कुणी केस रंगवले, कुणी अप्पर लिप केलं, म्हणजे ओठावरची लव काढली, सगळं गल्लीभर व्हायला लागलं. आमच्या कामात पहिला नियम असा की खुर्चीतलं खुर्चीतच राहतं. ते रजिस्टर माझा नियम रोज मोडत होतं आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. बायकांनी मग आपापला मार्ग काढला. कुणी नाव बदललं, कुणी नंबरातला एखादा आकडा फिरवला.

अक्काताई, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, यातल्या नव्हेत. गावात बोभाटा नको म्हणून त्या कुंडलहून सांगलीला यायच्या, घरी बहिणीकडे जाते म्हणून सांगायच्या. पण गॅस, बँक, रेशन, सगळीकडे मालकांचाच नंबर द्यायची सवय. माझ्या रजिस्टरातही सवयीने तोच दिला. निरीक्षकांनी तपासणीला म्हणून नंबर फिरवले, तर त्या पानावरचा खरा निघाला तो एवढाच.

सुभेदारांना बसा म्हटलं, बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “ताई, आमची मंडळी हितं काय करती?”

“ते मी सांगत नसते, काका.”

“सरकारला लिवून देता आन् नवऱ्याला न्हाई व्हय?”

माणूस बोलत होता ते बरोबरच होतं. मी एवढंच म्हटलं की घरी त्यांनाच विचारा, आणि त्यांनी नाही सांगितलं तर परत विचारू नका. ते मास्कआड हसले असावेत, कारण मिशा हलल्या.

संध्याकाळी निरीक्षक स्वतः आले. शांत माणूस, पण कामाला पक्का. आठवड्याने परत नंबर तपासणार, आणि पुन्हा असे खोटे निघाले तर पार्लर सील, म्हणाले. इतक्या महिन्यांनी शटर वर गेलं होतं, माझ्याकडच्या दोघीजणी नुकत्याच कामावर परतल्या होत्या. सील लागलं असतं तर नव्याने सुरुवात करायची उमेद माझ्यात उरली नव्हती.

रात्री माळ्यावरचा भिशीचा पितळी डबा आठवला. गल्लीतल्या बायकांची भिशी माझ्याकडे असते. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, जिची निघेल तिला त्या महिन्याची भिशी. साथीत भिशी बंद होती, पण त्या डब्यावर कुणी कधी शंका घेतलेली नव्हती. सकाळी झाकणाला फट पाडून आणली आणि कुलूप लावलं. आता प्रत्येकीने चिठ्ठीवर नाव, पत्ता, नंबर, वेळ लिहायची, घडी घालून आत टाकायची. सर्व्हिसचा रकाना मी काढूनच टाकला. भुवया केल्या की केस, विषाणूला काय करायचंय? संध्याकाळी चिठ्ठ्या पाकिटात, पाकीट चिकटवून वर माझी सही. नोंदी ठेवायची मुदत संपली की पाकीट बंबात जाळायचं.

आठवड्याने निरीक्षकांनी डब्याकडे पाहिलं. “मॅडम, हे फॉरमॅटमध्ये बसत नाही.”

“साहेब, तुम्हाला फॉरमॅट हवाय की नंबर?”

त्यांनी एक पाकीट उचललं, माझ्यासमोर फोडलं आणि स्पीकरवर फोन लावायला सुरुवात केली. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरी चिठ्ठी अक्काताईंची निघाली. बाईंनी पुन्हा मालकांचाच नंबर दिला होता.

“शुक्रवारी तुम्ही लेडीज ब्युटी पार्लरमध्ये होता का?”

पलीकडे मोटारीच्या पाण्याचा आवाज. मग सुभेदार म्हणाले, “व्हय, हुतो की. काय केलं ते मातर इचारायचं न्हाई. आन् आमच्या मंडळींशी बोलायचं असंल तर देतो, हितंच हाय.”

निरीक्षक हसत सुटले. बाकीचे नंबरही लागले. माझ्या पार्लरला सील लागलं नाही, आणि पुढे ते दुसऱ्या पार्लरवाल्यांनाही डबा ठेवा म्हणून सांगू लागले.

मला यातून कळलं ते एवढंच. बायका सरकारपासून काही लपवत नव्हत्या, मागून येणाऱ्या शेजारणीपासून लपवत होत्या. झाकण लावलं आणि नंबर खरे झाले.

अक्काताई अजून येतात. आता सुभेदारच गाडीवरून सोडायला येतात आणि खाली चहाच्या टपरीवर बसून राहतात. त्या आत काय करून घेतात, हे सुभेदारांनी मला परत विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.