मुंगीच्या चालीची वीज

शफी वायरमनचा राग सगळ्या दूध बाजाराला ठाऊक होता. चहा गार आला तरी आणणाऱ्याला सोलून काढी. पण महिनाभर तो कुणाशी बोलतच नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. धाकट्या भावाचा, खलीलचा, उजवा हात मनगटापासून कापावा लागला होता.

वायरमन लोकांची रीत साधी. खांबावर चढणाऱ्यानं आधी फ्यूज काढून आपल्या कनवटीला खोचायचा. तो उतरेपर्यंत करंट बंद. खलीलनं तसंच केलं होतं. पण शेठजींकडे हळद होती, दिवे हवे होते. मुकादम गोटीरामनं दुसराच फ्यूज बसवला नि वर ओरडला, "उतर रे, सोडतोय करंट!" करंट वर पोचेपर्यंत गडी आरामात खाली येईल, हा त्याचा हिशेब. खलीलचा हात अजून तारेवरच होता.

हे शहाणपण वाचनालयातल्या व्याख्यानाचं. तारेतले विजेचे कण मुंगीहूनही हळू चालतात, असं मास्तर म्हणाले होते. ते खोटं नव्हतं. पण पुढचं ऐकायला मुकादम थांबतोय कशाला! तो भजी खायला उठला. शफी शेवटपर्यंत बसला होता.

आणि आता हाच मुकादम खलीलला म्हणत होता, "साहेबाला सांग, फ्यूज काढायचा मीच विसरलो. नायतर दोघा भावांची कामं गेलीच समज." खलील कबूलही झाला. शफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी हजेरीला चौकशीसाठी आलेला वीज कंपनीचा साहेब ओट्यावर बसला होता, खलील पायरीशी उभा. अरुंद बोळात माणसं एकामागे एक चिकटून, रांगेच्या तोंडाशी गटाराच्या काठावर गोटीराम. शफीनं सगळ्यात मागच्या गड्याच्या पाठीत जोरात रेटा दिला. पुढच्या टोकाला गोटीराम थेट गटारात.

"कोण रे तो हरामखोर?"

"मी!" शफी मागूनच गरजला. "मी पाऊलभरच सरकलो, मुकादम. मग तू कसा पडलास? तारही अशीच भरलेली असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इकडं रेटा दिला की तिकडं लगेच बसतो, मुंगीची वाट बघत नाय! मास्तरनं हेच पुढं सांगितलं. तू भजी खात होतास, आणि माझ्या भावाचा हात गेला!"

साहेबानं खलीलला विचारलं, "फ्यूज कुणी बसवला?"

खलीलनं गटाराकडे पाहिलं. गोटीरामनं उठण्यासाठी हात वर केला. खलील जुन्या सवयीनं वाकला आणि त्यानं उजवा हात पुढे केला.

मनगटापुढे धरायला काही नव्हतं. गोटीराम चिखलात तसाच बसून राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "मी बसवला, साहेब."