लेकरू वार्डात चालत नाही

"बाळाला घेऊन विहिरीकडे निघाली होतीस ना? सांग यांना."

मोठ्या डॉक्टरनं दहा-बारा शिकाऊ पोरापोरींसमोर मले विचारलं. अमरावतीचा दवाखाना, मानसिक आजाराचा वार्ड. मी पलंगावर. दुधानं पोलकं भिजलेलं. पदराचंही भान नव्हतं. एका पोरीनं मान खाली घातली. बाकीचे लिहीत राहिले.

डॉक्टरनं माझं आडनाव वाचलं. पोरांकडे वळला. "या लोकांना लेकरं होतात. सांभाळता येत नाहीत."

मी बारावी शिकलेली. बाळंतपणानंतर झोप उडाली. कानात आवाज येत, पोरीले पाण्यात सोड म्हणत. मी विहिरीपासून परत फिरली अन् नवऱ्याले म्हटलं, मले दवाखान्यात ने. मीच म्हटलं. हे त्या डॉक्टरनं विचारलंच नाही.

पोरगी महिन्याची. वलगावले सासूजवळ, बाटलीवर. वार्डात लेकरू चालत नाही म्हणे. माझी माय बार्शीटाकळीहून आली. तीन दिवस सिस्टरच्या मागं लागली. "बाई, लेकराबिगर ही कशी बरी होईन? मी बसीन तिच्यापाशी."

सिस्टरनं कोपऱ्यातली खोली मिळवून दिली. पोरगी आली. पहिल्या दिवशी मी हातच लावला नाही. भेव वाटे. माय तिचा इवलासा पाय माझ्या हातात देत राहे. गोळ्यांनी आवाज कमी झाले. तिसऱ्या आठवड्यात मीच तिले न्हाऊ घातलं. माय नुसती दारात उभी.

दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या दिवशी सासू कागद घेऊन आली. त्यावर लिहिलेलं, पोरगी सासरी, मी माहेरी. डॉक्टरनं पेन पुढं केला. "सही कर. तुझ्याच भल्याचं आहे."

"मले लेकरासंगं कितीदा पाह्यलं तुमी?"

"मला शिकवतेस?"

"विचारून राहिली."

सिस्टरनं माझी अन् पोरीची रोजची नोंदवही पुढं केली. त्यानं उघडलीही नाही. नवरा खिडकीबाहेर पाहत होता.

मी पोरीले उचललं अन् माहेरी जायले मायसंगं अकोल्याच्या एसटीत बसली.

नवरा अजून आला नाही. त्याची नोटीस आली. पोरीची माय येडी आहे, पोरगी आमाले द्या. वकीलबाई म्हणतात, दवाखान्याचे कागद दाखवू नका. शेजारच्या ज्या बाया आपली लेकरं माझ्या अंगणातून उचलून नेतात, त्याही हेच सांगतात. लपव.

नाही लपवणार. मी बिमार होती. मी इलाज घेतला. अजून गोळ्या घेतो. हे कोर्टात दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मीच सांगीन, पोरगी कडेवर घेऊन.