सात गट, एकच नंबर

एका जागी बसणे मला जमत नाही. त्यामुळे पुण्यात माझ्या सहकारी मीनलने संगणकावर बोट ठेवून "हे सातही गट बोगस आहेत" असे जाहीर करताच मी पिशवी भरायला घेतली.

नैसर्गिक शेती करणाऱ्या छोट्या गटांची एक सामायिक संपर्कयादी आम्ही सांभाळतो. कोणाकडे कोणते बियाणे आहे, कोणाला हवे आहे, फोन कुठे करायचा, असे सगळे तिच्यात असते. गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा परिसरातल्या सात गटांपुढे एकच नंबर होता. अर्जुनी मोरगावचा गट हिरानखी या धानाच्या जुन्या वाणाचे बियाणे वाटणार होता, पण यादीतल्या गटांनाच. यादी मंगळवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जायची होती.

"तोवर एक तरी खरा गट दाखव," मीनल म्हणाली, "नाहीतर सातही उडवते."

मंगळवारी सकाळी गोंदिया स्टेशनावर दरेकशाची गाडी मराठीत विचारली, उत्तर हिंदीत आले. "दरेकसा? उधर क्या रखा है, दादा?"

"सात गट!" मी छाती काढून म्हणालो. तो गृहस्थ जरा दूर सरकला.

पॅसेंजर जंगलात शिरली, डोंगर जवळ आले. मी या खिडकीतून त्या खिडकीत करत अख्खा डबा पालथा घातला.

दरेकशाला उतरल्यावर तो नंबर लावला. समोरच्या चहाटपरीत, बांबूला टांगलेल्या पिशवीत फोन वाजला. टपरीवाल्या पार्वताबाईंनी तो उचलला.

"कोन बोलून राह्यला जी?"

"पुण्याहून बोलतोय."

"आवाज मोठा साफ येऊन राह्यला!"

मी दोन्ही हात पसरून पुढे झालो. "येणारच. समोर उभा आहे."

"मंग फोन कायले करता? चाय घ्या!"

डोंगरावरच्या टोल्यांवर (वस्त्यांवर) नेटवर्क पोचत नाही. म्हणून सातही गटांनी पार्वताबाईंचा नंबर दिला होता. वर जाणारा भेटला की त्याच्याबरोबर त्या निरोप धाडत. मीनलला हे पटणार नव्हते. तिला गटच दाखवायला हवा होता. मी चढ चढू लागलो आणि वाटेत फोटो काढता काढता माझ्या फोनची बॅटरी संपवून बसलो.

टोल्यावर गटप्रमुख सुखवंताबाईंनी पेज (तांदळाची पातळ कांजी) आणि जवसाची चटणी पुढे केली. "कोठीत पानी शिरला, सगळी बिजाई सडली," त्या म्हणाल्या. "पऱ्हे टाकाची येळ झाली. हिरानखी भेटली नाही तं बांधीत काय टाकू, गोटे?" पऱ्हे म्हणजे भाताची रोपे, बांधी म्हणजे भाताचे खाचर. यादीतून नाव उडणार असल्याचे मी सांगितले.

"मले खोटी कोन म्हणते? चला!"

त्या पुढे, मी घसरत मागे. टपरीवर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. पार्वताबाईंच्या फोनवरून मीनलला फोन लावला. तिने कापला. तोच संशयित नंबर ना! पुन्हा लावला, पुन्हा कापला. अखेर तिने उचलला.

"हा नंबर बोगस आहे!"

"मीनल, मी आहे!"

"तुलाही फितवलं का त्यांनी?"

सुखवंताबाईंनी फोन माझ्या हातून ओढला. "बाई, तू मले पाह्यली नाही, मी तुले पाह्यली नाही. तुहा आवाज ऐकून मी तुले खरी मानली. माहा काऊन नाही?"

मग मीनल हळूच म्हणाली, "ताई, बाकीचे सहा गट कुठकुठले, सांगता का?"

त्या संध्याकाळी यादी सातही नावांसह गेली.

परतीच्या गाडीत वाटत राहिले, आम्ही यादीत नंबर लिहीत होतो. निरोप कोण पोचवते, हे कधी विचारलेच नव्हते. आता तो रकानाही आहे.

बियाणे अर्जुनीहून निघाले, तेव्हा मीनलनेच पार्वताबाईंना कळवले. वर जाणारे कोणी मिळेना, म्हणून त्या टपरी बंद करून, फोन कमरेला खोचून स्वतःच डोंगर चढल्या. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सातही गटांचा फोन लागत नव्हता. मीनलने एकही नाव काढले नाही.