ओट्यावर भाव होत नाही

ओटेवाल्या काकांशी सौदा करणं अशक्य होतं, कारण ते ओट्यावरून खाली उतरतच नसत. जळगाव जामोदच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात जुना रिवाज होता. ओट्यावर चढला तो पाहुणा, आणि पाहुण्याशी भावाची बोलणी करायची नाहीत. ती खाली गल्लीत. पुऱ्याने हा रिवाज केव्हाच गुंडाळला होता. काकांनी मात्र तो खास माझ्यासाठी जपून ठेवला.

माझा धंदा जुन्या सागवानाचा. स्वतः उभा केलेला, कोणाच्या बापाचा आधार नाही. पुऱ्यातले माग बंद पडले, माणसं नव्या कॉलनीत राहायला गेली आणि जाताना आपली कोरीव दारं हसतहसत मला देऊन गेली. राहिलं ते काकांचं. मी विषय काढला की ते चहा मागवत आणि म्हणत, "ओट्यावर भाव नाही होत, बाप्पा." खाली उतरा म्हटलं की त्यांचे गुडघे दुखत. एकदा मी कपबशी आपटून उठलो. पुढच्या वेळी त्यांनी मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

मग पुऱ्याला इतिहासाचं वेड लागलं. दारं विकताना ज्यांनी मागे वळून पाहिलं नव्हतं, तेच परत येऊन भिंतींना चुना लावू लागले, काकांच्या दाराचे फोटो काढू लागले. माझ्या गोदामात येऊन आपलंच दार ओळखून गहिवरले. मीही गहिवरू दिलं. गहिवरलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. भाषणांत मात्र कोष्टीपुरा लुटणारा म्हणून माझाच उद्धार. इतकी वर्षं ती दारं वाळवीपासून कोणी राखली, हे कोण सांगणार?

एका सकाळी काकांचा निरोप आला. जाऊन पाहतो तर काका चक्क गल्लीत उभे, भिंतीला धरून. मला वाटलं, दार पदरात पडलं.

"आता बोल," ते म्हणाले. "समोरच्या रज्जाकचं दार तुह्याकडं हाये नं? त्याचं काय घेशीन?"

रज्जाकभाई, त्यांचे जन्माचे शेजारी, कॉलनीत जाताना मला दार देऊन गेले होते; घर तेव्हापासून बंद, आणि आता ते वारले होते. मुलगा घर दुरुस्त करून तिथे लोखंडी दार लावणार होता.

"ओट्यावरून मले त्याचंच तं घर दिसते. आता मरेस्तोवर लोखंड पाहू काय मी?"

मी भाव सांगितला, चांगला चढा. काका म्हणाले, "बरं."

बस, एवढंच. घासाघीस नाही, तोंड वाकडं नाही. इतका अपमान माझा बाजारात कोणी केला नव्हता. मी तणतणत पायऱ्या चढलो आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"ओट्यावर भाव होत नाही, काका. चहा सांगा."

दार जागेवर बसलं. काकांनी ते एक पावसाळा पाहिलं, मग गेले. पुऱ्यात आता जीर्णोद्धाराच्या देणगीदारांची पाटी लागली आहे; तिच्यावर माझं नाव नाही. मी अजून संध्याकाळी त्या ओट्यावर जाऊन बसतो. नुकसान वसूल करायला, दुसरं काय.