तोंगबाईंचं ‘कुठलं काय’

ईशान्य चीनमधल्या फूशुनच्या जुन्या कामगार वसाहतीत तोंग याछिन हे नाव निघालं की माणसं आधी सावरून बसत. यंत्रकारखान्याच्या खानावळीवर बाईंनी निवृत्त होईपर्यंत राज्य केलं होतं. भाताच्या रांगेत कोणी मध्येच घुसला, तर तो मॅनेजर आहे की भट्टीवरचा मजूर हे न बघता त्या पळी उगारून त्याला रांगेच्या शेपटाला धाडत. निवृत्ती आली तरी हुकूमत गेली नाही. संध्याकाळी चौकात बायकांचा नाच त्याच बसवायच्या आणि थंडी तोंडावर आली की कोणाच्या माठात आंबवायच्या कोबीला किती मीठ घालायचं, हेही त्याच ठरवायच्या. कोणाचा कोबी बुळबुळीत झाला तर त्या सरळ तोंडावर सांगत, की यात कोबीचा काही दोष नाही, दोष तुझा आहे.

एवढ्या खमक्या बाईचं तोंड एकाच ठिकाणी बंद व्हायचं. आपल्या माणसाचं कौतुक चारचौघांत करायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. अर्थात वसाहतीत हा कोणी दोष मानत नसे. आपल्याच पोराची तारीफ करणाऱ्याला तिकडे निर्लज्ज म्हणतात. त्यांची एकुलती एक मुलगी जिंगवेन वर्गात पहिली आली आणि शेजारची मियाओबाई अभिनंदन करायला दारात आली, की बाई हात झटकून म्हणत, “कुठलं काय. वेंधळी आहे नुसती. या खेपेला पेपर सोपा होता.” जिंगवेन तिथेच दाराशी बूट घालत उभी असे. तिला वाईट वाटत असेल, असं कधी कोणाच्या मनातही आलं नाही.

वेंधळी मुलगी शिकली, अमेरिकेला गेली, तिथेच फान रुई नावाच्या आपल्याच देशाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मग एका सकाळी फोनच्या पडद्यावर तिने आडून आडून सांगितलं, की वसंतात बाळ होणार आहे. पुढे थोडं थांबून म्हणाली, “आई, तू येशील?”

यात विचारायचं काय होतं? बाळंतिणीचा पहिला महिना आईने नाहीतर सासूने सांभाळायचा, हा तिकडचा शिरस्ता. गार पाण्याला हात नाही, वाऱ्याला उभं राहायचं नाही, आणि दिवसातून कितीतरी वेळा काळा गूळ घातलेली राळ्याची पेज, उकडलेली अंडी, डुकराच्या पायांचं सूप. फानची आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. म्हणजे उरल्या तोंगबाईच. त्यांनी त्याच दिवशी जुन्या मऊ चादरी फाडून लंगोट शिवायला घेतले. महिना आपण करायचा, हे त्यांच्या लेखी ठरून गेलं होतं. व्हिसा म्हणजे तिकिटासारखं काहीतरी असेल, खिडकीशी जायचं आणि घ्यायचं, असं त्यांना वाटलं.

शेनयांगच्या अमेरिकी वकिलातीत त्या खिडकीशी त्या गेल्या तेव्हा घराची कागदपत्रं, पेन्शनचे दाखले, नवऱ्याबरोबरचे फोटो असं सगळं जाडजूड फायलीत लावून नेलं होतं. काचेमागच्या तरुण साहेबाने फायलीला बोटही लावलं नाही. त्याने बऱ्यापैकी चिनी भाषेत साधेच प्रश्न विचारले, आणि एवढ्या दुरून आलेला परका माणूस म्हटल्यावर बाईंनी त्याला घरंदाज उत्तरं दिली.

“मुलगी काय करते?”

“कुठलं काय. एका प्रयोगशाळेत कशीबशी चिकटलीय.”

“जावई?”

“साधा पोरगा आहे. नोकरी टिकलीय हेच नशीब.”

“इथे घर आहे?”

“आहे एक मोडकंतोडकं.”

“पती काय करतात?”

“तो काय करणार? अर्धा कामातून गेलाय.”

खरं तर जिंगवेन हृदयाच्या औषधांवर संशोधन करत होती आणि फान पूल बांधायचा. दक्षिणेला तोंड असलेल्या घराला आदल्याच वर्षी रंग दिला होता. आणि अर्धा कामातून गेलेले हान म्हातारबा भर हिवाळ्यात हुन नदीवरचा बर्फ फोडून त्यात पोहत असत. पण साहेबाला हे कोण सांगणार? त्याने पासपोर्ट परत सरकवला, वर एक छापील कागद ठेवला. तुम्ही परत याल अशी आमची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. बाहेरच्या फुटपाथवर त्यांच्यासारखे आईबाप ठिकठिकाणी फायली छातीशी धरून उभे होते. एका जोडप्याला इतक्यांदा नकार मिळाला होता, की ज्या नातवाच्या बारशाला जायचं होतं तो आता शाळेत जात होता. कोणी म्हणे चष्मेवालीची खिडकी मिळाली तर काम होतं, कोणी म्हणे लाल रंगाचा कोट घालून जायला हवं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या म्हातारीने आधी आपण चोर नाही हे सिद्ध करायचं, आणि तेही कागद न बघणाऱ्या माणसापुढे, हा कुठला न्याय, असं कोणालाही वाटावं. बाईंना तर वाटलंच, आणि त्यांनी ते घरी परतताना गाडीतल्या अख्ख्या डब्याला ऐकवलं.

दुसऱ्या खेपेला त्या लाल कोट घालून गेल्या. खिडकीतल्या माणसाने एकच विचारलं, की मागच्या वेळेपासून काय बदललं? बाई प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, की देवदयेने काही नाही, सगळं तसंच आहे. छापील कागद लगेच हातात आला.

त्या दिवशी फोनवर जिंगवेनने शांतपणे विचारलं, की तू तिथे नेमकं काय बोललीस ते शब्दाला शब्द सांग. बाईंनी दोन्ही वेळचा पाढा वाचला. आपलं काही चुकलेलं नाही याची त्यांना खात्री होती. मागे बसून शेंगदाणे सोलणारे हान म्हातारबा ‘अर्धा कामातून गेलाय’ला ठसका लागेपर्यंत हसले. जिंगवेन मात्र हसली नाही.

“आई, तू तिथेही मला नावं ठेवलीस?”

“नावं कसली ठेवलीत? परक्या माणसासमोर असंच बोलतात.”

“आपल्याकडे बोलतात. ऐकणाऱ्याला कळतं, की उलटं समजायचं. ती माणसं जे ऐकतात तेच धरतात. मुलगी कशीबशी जगतेय, नवरा निकामी, घर मोडकं, अशी बाई परत कशाला येईल?” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मी पण तेच धरायचे, आई. लहान होते ना. मला खरंच वाटायचं की मी वेंधळी आहे.”

फोन बंद झाल्यावर बाईंनी शेंगदाण्यांची फोलपटं गोळा केली, टोपलीत टाकली, पुन्हा टोपलीतून काढून दुसऱ्या टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. म्हातारबा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर साहेब होऊन बसले आणि गंभीर चेहरा करून विचारू लागले, “तुमचे पती कसे आहेत?”

“बरे आहेत,” बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

“नुसते बरे? नकार. पुढचा माणूस.”

“म्हाताऱ्या, फार चढू नकोस.”

स्वतःच्या कोबीचं कौतुक त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. नाचाचं त्याच आठवड्यात जमलं. नवऱ्याचं करताना कान लाल झाले, पण तेही पार पडलं. घोडं अडलं ते लेकीपाशी. ‘माझी मुलगी’ एवढं म्हणून त्या थांबत, आणि पुढे जिभेवर आपोआप ‘कुठलं काय’ येई. शेवटी त्यांनी चौकात, नाच संपल्यावर, सगळ्या बायकांसमोर प्रयत्न केला. मियाओबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तोंगताई, कारखान्याच्या मॅनेजरला रांगेबाहेर हाकललंत तुम्ही, आणि पोटच्या पोरीला हुशार म्हणायला एवढा घाम फुटतो?” बायका खदाखदा हसल्या. बाई चिडल्या आणि त्या रागाच्या भरात त्यांनी ते वाक्य पुरं केलं. मग कोणी हसलं नाही.

तिसरी तारीख मिळाली तोवर जिंगवेनचे दिवस भरत आले होते. ही खेप गेली की महिना गेला, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या ताठ मानेने गेल्या. आणि या खेपेला खिडकी चष्मेवालीची निघाली.

“मुलगी काय करते?”

बाईंनी श्वास घेतला. “ती हृदयाच्या औषधावर संशोधन करते. आमच्या वसाहतीतून बीजिंगला शिकायला गेलेली पहिली मुलगी ती. मी पहाटपाळीला जायचे तेव्हा एवढीशी होती, पण थंडीत उठून शेगडी पेटवायची, बापाला पेज करून द्यायची आणि मग अभ्यासाला बसायची. कधी कुरकुर केली नाही. इतकी चांगली पोर मी दुसरी पाहिली नाही.”

चष्मेवाली लिहायची थांबली. परत याल का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, की न येऊन कसं चालेल, शरदात मी नसले तर सगळ्या इमारतीचे माठ नासतील, बायका ताल सोडून नाचतील, आणि बर्फातून पोहून आल्यावर आल्याचा काढा आयता मिळण्याची माझ्या नवऱ्याला सवय आहे, असा नवरा फूशुनमध्ये दुसरा नाही. चष्मेवाली मनापासून हसली.

“तुमचा मुलीवर फार जीव आहे,” ती म्हणाली.

“आहे,” बाई म्हणाल्या.

चष्मेवालीने नजर खाली वळवली, पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि पासपोर्ट परत सरकवला. वर तोच छापील कागद होता.

आत फोन नेऊ देत नसत, म्हणून रस्त्यापलीकडे लोकांचे फोन सांभाळणारी आणि चहाच्या पाण्यात उकडलेली अंडी विकणारी एक बाई बसायची. तिच्याकडून तोंगबाईंनी फोन परत घेतला. बाजूला दानदोंगहून आलेला एक म्हातारा अंडं सोलत उभा होता. त्याने न विचारताच निदान केलं, की लेकीवर एवढा जीव म्हटल्यावर तुम्ही परत येणार नाही असं त्यांना वाटणारच. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कौतुक केलं नाही तेव्हा गरजू ठरलो, केलं तेव्हा मायाळू ठरलो, आणि दोन्हीकडून कागद तोच. याला काय म्हणायचं? त्यांना ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण फोन वाजू लागला होता.

“मिळाला?” जिंगवेनने विचारलं. तिचा चेहरा सुजलेला दिसत होता.

“नाही.”

जिंगवेन म्हणाली, की जाऊ दे आई, होईल काहीतरी. आणि तिने तोंड फिरवलं.

“जाऊ दे काय? ऐक. मी शेकडो माणसांची खानावळ चालवलीय. एक जावई मला फोनवरून चालवता येणार नाही? फानला सांग, फोन ओट्यावर उभा करून ठेवायचा. राळे कसे भिजवायचे, गूळ कधी घालायचा, मी सांगेन तसं करायचं. गार पाण्याला हात लावलास तर मला इथून दिसेल. महिना मीच करणार आहे. आणि पुढच्या शरदात पुन्हा या खिडकीशी उभी राहीन, त्यांना कंटाळा येईपर्यंत.”

जिंगवेन डोळे पुसत हसली. मग तिने विचारलं, की आज काय बोललीस?

आणि तोंगबाईंनी सांगितलं. शेगडी, पेज, बीजिंग, सगळं. हळू आवाजात बोलायची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे अख्ख्या फुटपाथने ते ऐकलं. फायली धरलेले आईबाप वळून बघायला लागले. ‘इतकी चांगली पोर मी दुसरी पाहिली नाही’ हे वाक्य संपलं तेव्हा पडद्यावर जिंगवेनने हाताने तोंड झाकून घेतलं होतं.

दानदोंगच्या म्हाताऱ्याने मान वाकवून फोनकडे पाहिलं. “खरंच एवढी गुणी आहे तुमची मुलगी?” त्याने विचारलं. रीतीप्रमाणे आता काय उत्तर यायचं, हे त्यालाही माहीत होतं.

तोंगबाईंच्या ओठांवर ते आलंही. त्यांनी ते गिळलं. फोन चालूच होता.

“हो,” त्या म्हणाल्या. “आहे.”