डोहाळा विडीचा

तळवलीत कुणाच्याही घरी जा, त्या घरातलं एखादं तरी पोर सगुणा सुईणीच्या हातावर जन्मलेलं. बाईला कळा सुरू झाल्या की आधी सगुणाला हाक, मग देवाला. जन्मभर दुसऱ्यांची पोटदुखी निस्तरली आणि म्हातारपणी हिलाच जडली. तीही एका नर्सबाईमुळे.

रबाळ्याकडे कारखान्यांसाठी जमिनी मोजत होते, तो काळ. नर्स मालतीबाई ठाण्याहून यायच्या, पोटुशा बायकांना तपासायच्या आणि एकच पालुपद लावायच्या: विडी सोडा, बाळ अशक्त निपजतं. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन विडी पेटवायच्या. तोवर सगुणा खूश होती. पण तिची स्वतःची सून, जमुना, पहिलटकरीण, तीही "बाई अशा बोलल्या, बाई तशा बोलल्या" करायला लागली. दुपारी ओट्यावर एका काडीवर दोघींच्या विड्या पेटायच्या, तेही तिनं थांबवलं. झालं. सगुणाचा नुसता जळफळाट. तिनं सुनेशी बोलणंच टाकलं.

गरोदर बाईचा डोहाळा मारला तर पोराचा कान फुटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. सगुणानं तेच धरलं. विड्यांचा नवा कट्टा आणून सुनेपुढे आपटला आणि आपली विडी पेटवली.

"घे. डोहाला हाय तुजा. ती नर्स नाय पुरवनार, मीच पुरवनार."

जमुनानं एक विडी उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

"आई, मना विडीचा डोहाला कवाच नवता. लगीन होऊन आले तवा तुमी माज्याशी बोलत नवता. विडी वढायला बाजूला बसले तवा बोललात, म्हून शिकले. आता सोरली, तर तुमी परत मुक्या. त्या बाई निदान विचारपूस तरी करतात."

मिरची झोंबावी तसं झोंबलं सगुणाला. सुनेचा राग येईना, आणि नर्सचा जाईना. हातातली विडी तिनं जमिनीवर चुरडली.

"मी पन सोरते. पन गावात काय सांगशील, कुनामुलं सुटली तुजी विडी?"

"तुमच्यामुलं."

"आन् त्या नर्सला?"

"तिला पन तेच."

"तिला आदी सांग," सगुणा म्हणाली, आणि कट्टा उचलून चुलीत टाकला.